सेमिनरीला निघण्याआधी आणि गेल्यावर: इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलामुलींसाठी

रविवारची उपासना आटोपते, लोक चहाकडे वळतात आणि वर्षातून दोन-तीनदा तरी कुणीतरी मागे रेंगाळतं. आधी खुर्च्या सरळ करतं, गीतांची पुस्तकं गोळा करतं, मग जवळ येऊन हळूच विचारतं, "ताई, मला सेमिनरीला जायचंय. काय करावं लागतं?" मी त्याच वाटेने गेले. इंदूरच्या मराठी घरातून सेमिनरीत, म्हणजे चर्चचे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, तिथून दीक्षा घेऊन पाळकपणात. दर वेळी उभ्या उभ्या जे सांगते ते इथे एकदा नीट लिहून ठेवते आहे.

आधी घरची मंडळी

अर्जाची घाई करू नका. निदान एक वर्ष आपल्याच मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, काम करा, आणि तेही वेदीवरचं नव्हे. संडे स्कूलला लहान मुलांचा वर्ग घ्या. प्रभुभोजनानंतर, म्हणजे भाकर आणि रस वाटून झाल्यावर, पेले धुवा, कापडाच्या घड्या घाला. जे आजारपणामुळे चर्चला येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी पाळकांबरोबर जा आणि नुसते बसा. वर्षभर हे करूनही मन तिथेच ओढ घेत असेल तर पाळकांशी बोला.

पुष्कळांना वाटतं की पाचारण, देवाचं बोलावणं, म्हणजे स्वप्न, दर्शन, आकाशवाणी. आपल्याला तसं काही झालं नाही म्हणून ती बिचारी मागे सरतात. त्यांना मी पहिल्या शमुवेलाचा तिसरा अध्याय वाचायला सांगते. लहानग्या शमुवेलाला देवाने हाक मारली आणि तो तीनदा उठून धावला, पण एली याजकाकडे! हाक कुणाची हे त्याला कळलं नव्हतं, ते म्हाताऱ्या एलीला कळलं. पाचारण ओळखायला दुसरं माणूस लागतं. म्हणूनच सेमिनरी मंडळीची शिफारस मागते आणि ती देताना पाळक आणि कमिटी वेळ घेतात. त्या वेळेचा राग मानू नका.

घरच्यांशीही आताच बोला. नोकरीचं काय, लग्नाचं काय, पगार किती, हे आईवडिलांचे प्रश्न अविश्वासाचे नसतात. पाळकाचा पगार बेताचा असतो आणि दर काही वर्षांनी बदली होते. हे त्यांना तुमच्याच तोंडून कळलेलं बरं.

कुठे जायचं

हे तुम्ही कोणत्या चर्चचे यावर ठरतं. इंदूरात आपल्यासमोर दोन मोठ्या परंपरा आहेत. एक १८७७ साली आलेल्या कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनची, ज्यांनी १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज सुरू केलं. त्यांच्या मंडळ्या पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे सीएनआयमध्ये आल्या. दुसरी परंपरा कॅथलिकांची, लाल चर्चची.

सीएनआयचे असाल तर रस्ता पाळक, पास्टरेट कमिटी म्हणजे मंडळीची समिती, मग बिशपांचं कार्यालय असा जातो. आपला धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालचा प्रदेश, भोपाळचा म्हणवतो. निवड झाली की धर्मप्रांतच तुम्हाला पाठवतो आणि परत आल्यावर तोच नेमतो. स्वतःच्या खर्चाने परस्पर जाऊन पदवी घेता येते, पण मग दीक्षा मिळेलच असं नाही. हा फरक न समजल्यामुळे चार वर्षं घालवून रिकाम्या हाताने परतलेली मुलं मी पाहिली आहेत.

पदवीचं थोडक्यात. बहुतेक जुन्या सेमिनऱ्या सेरामपूर सिनेटशी, म्हणजे पदव्या देणाऱ्या संस्थेशी, जोडलेल्या आहेत. हे बंगालमधलं सेरामपूर, आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. तिथलं कॉलेज १८१८ चं, आणि १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली, कारण तेव्हा ते गाव डॅनिश अमलाखाली होतं. ज्या विल्यम केरी या मिशनऱ्यांनी ते सहकाऱ्यांबरोबर उभारलं, त्यांनीच तिथे मराठी नवा करारही छापला. सिनेटची मुख्य पदवी बी.डी., म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी. ती पदवीधरांना साधारण चार वर्षांची आणि बारावीनंतर आलेल्यांना पाच वर्षांची असते. दुसरी साखळी एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची. तिथे पदवीधरांसाठी तीन वर्षांची एम.डिव्ह., म्हणजे मास्टर ऑफ डिव्हिनिटी, असते. कोणती पदवी आपला धर्मप्रांत दीक्षेसाठी मानतो, हे आधी लेखी विचारून घ्या.

आपल्याकडून जवळचं म्हणजे जबलपूरचं लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज. रात्री इंदूरहून ओव्हरनाइट एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी जबलपूर. पुण्याकडे ओढा असेल तर तिथे युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, आणि युनियन बिब्लिकल सेमिनरीही. युनियन १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला आली. शिकवण्याची भाषा कोणती, हे प्रत्येक ठिकाणी विचारा. इंग्रजी कच्चं असेल तर ते वर्षभर आधीपासून पक्कं करा, कारण संदर्भाची बहुतेक पुस्तकं इंग्रजीतच असतात.

कॅथलिक मुलांचा रस्ता लांबचा. धर्मप्रांताच्या किंवा एखाद्या संघाच्या व्होकेशन डायरेक्टरांना भेटायचं, आधी तयारीचा काळ, मग तत्त्वज्ञान निदान दोन वर्षं, ईशज्ञान (थिऑलॉजी) चार वर्षं, आणि मध्ये प्रत्यक्ष सेवेचा काळ. आठ-दहा वर्षं सहज जातात. मुलींसाठी व्रतस्थ संघांची नवदीक्षा, म्हणजे सिस्टर होण्याआधीचा तयारीचा काळ, असते. उदयनगरच्या आदिवासींमध्ये काम करणाऱ्या आणि २५ फेब्रुवारी १९९५ ला मारल्या गेलेल्या सिस्टर राणी मारिया अशाच एका संघाच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथेच, इंदूरात, त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं गेलं. सीएनआयमध्ये स्त्रियांना पाळकपणाची दीक्षा मिळते, तेव्हा मुलींनो, "बायकांना कुठे घेतात" या बोलण्यावर थांबू नका.

तीन रकान्यांची वही

आता मला सगळ्यात कळकळीने जे सांगायचंय ते. निघण्याआधी एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात मराठी, दुसऱ्यात हिंदी. तिसरा कोरा ठेवा.

आपण इंदूरचे मराठी लोक घरात मराठी बोलतो, रस्त्यावर हिंदी आणि अभ्यासात इंग्रजी. चर्चमध्ये बहुतेकदा हिंदी. त्यामुळे आपल्या विश्वासाचे शब्द दोन पेट्यांत विभागले गेलेत. आजीच्या तोंडी येशू ख्रिस्त, चर्चमध्ये यीशु मसीह. आपली मंडळी ती तिकडची कलीसिया. पाळक आणि पादरी, उपासना आणि आराधना, तारण आणि उद्धार, शुभवर्तमान आणि सुसमाचार, मेंढपाळ आणि चरवाहा, कृपा आणि अनुग्रह. रोज पाच शब्द समोरासमोर लिहा. मग प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार (विश्वासाची कबुली), तेविसावं स्तोत्र आणि पापकबुली दोन्ही भाषांत पाठ करा. पाठ म्हणजे अर्ध्या झोपेतून उठवलं तरी म्हणता आलं पाहिजे.

हे मी का सांगते ते ऐका. माझं दुसरं वर्ष संपलं होतं आणि सुट्टीत मला इंदूरच्या एका मोठ्या रुग्णालयात भेटी द्यायला पाठवलं होतं. अस्थिविभागात खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी होत्या, मूळच्या जालन्याकडच्या. मी त्यांच्याशी बोलले, वचन वाचलं, हात हातात घेऊन प्रार्थना केली. दोन वर्षं सेमिनरीत हिंदी-इंग्रजीत प्रार्थना करून जीभ सराईत झाली होती. प्रार्थना छान झाली असं मलाच वाटलं. मी आमेन म्हटलं. आजींनी हात सोडला नाही. म्हणाल्या, "आता आपल्या भाषेत सांग गं त्याला."

मी प्रभूची प्रार्थना सुरू केली. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणाले, पुढची ओळ म्हणाले आणि अडकले. लहानपणी रोज म्हटलेले शब्द हिंदी शब्दांच्या खाली कुठेतरी दबून गेले होते. आजींनी डोळे मिटूनच पुढची प्रार्थना म्हटली, सगळी, शेवटपर्यंत, आणि मी त्यांच्या मागून पुटपुटत राहिले. त्या रात्री घरी येऊन मी ही वही आखली. ती अजून माझ्याकडे आहे.

गीतांचंही तेच. 'उपासना संगीत' घरी असेल तर बरोबर न्या आणि निदान वीस गीतं चालीसकट पाठ करा. नारायण वामन टिळकांची गीतं आणि अभंग आपल्या आजीआजोबांना अजून ओळीने येतात. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगाच्या, भजनाच्या, कीर्तनाच्या वळणाने गायली. हे तुमचं माहेरचं धन आहे. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्खं बायबल मराठीत आणलं, तेही साध्या बायाबापड्यांना समजावं म्हणून. १९२२ मध्ये त्या वारल्या तोवर ते काम पूर्ण झालं होतं. जमत असेल तर पेटी शिका. पेटी वाजवता येणाऱ्या पाळकाचं खेड्यातलं निम्मं काम सोपं होतं.

कागदपत्रं

बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला, गुणपत्रिका, पाळकांचं शिफारसपत्र, वैद्यकीय दाखला, फोटो आणि आपली साक्ष, म्हणजे जीवनकथा. दाखल्यावरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळतं का ते आधी पाहा. बाप्तिस्म्याच्या जुन्या रजिस्टरमध्ये घरचं नाव असतं आणि शाळेत वेगळंच, ही अडचण नेहमीची आहे. साक्ष दोन पानांत, साधी लिहा. मुलाखतीत बायबलचं ज्ञान तपासतात, पण त्याहून जास्त हे पाहतात की विरोध झाला तर तुम्ही कसे बोलता. निघण्याआधी मार्कचं शुभवर्तमान, सोळाच्या सोळा अध्याय, एका बैठकीत वाचा. स्तोत्रं दीडशे आहेत. रोज पाच वाचली तर महिन्यात एक आवर्तन होतं.

पहिलं वर्ष आणि चॅपल

वर्गात ग्रीकची चोवीस आणि हिब्रूची बावीस अक्षरं गिरवताना पहिले महिने जातात. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे हात आधी बावचळतो. ते जमतं. उपासना मात्र वर्गापेक्षा चॅपलमध्ये जास्त शिकली जाते. पाळी लागते. एका आठवड्यात वाचन, दुसऱ्यात मध्यस्थीची प्रार्थना, मग कधीतरी पूर्ण उपासना.

उपासनेचा क्रम पाठ करण्याआधी त्याचा अर्थ लावा. आवाहन, पापकबुली, क्षमेची घोषणा, शास्त्रवाचन, संदेश, विश्वासांगीकार, मध्यस्थी, शांतीची देवघेव, प्रभुभोजन, आशीर्वाद. देव बोलावतो, आपण आपली अवस्था कबूल करतो, तो क्षमा करतो, बोलतो, जेवू घालतो आणि पाठवतो. हे कळलं की कोणता भाग घाईत म्हणायचा नाही हे आपोआप कळतं. पापकबुलीनंतर शांतता ठेवायची असते. नवा विद्यार्थी तीन सेकंदांत ती मोडतो. मनात हळू वीस मोजा. लोकांना आपलं पाप आठवायलाही वेळ लागतो.

चर्चचं वर्षही तिथे अंगात मुरतं. आगमनकाळाचे चार रविवार, नाताळ, राखेचा बुधवार, लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, रविवार सोडून चाळीस दिवस, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, ईस्टर, पेन्टेकॉस्ट. आगमन आणि लेंटला जांभळा रंग, नाताळ-ईस्टरला पांढरा, पेन्टेकॉस्टला लाल, इतर दिवसांत हिरवा. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते: २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. तिथी पाहत वाढलेल्या मराठी माणसाला हे पटकन समजतं.

प्रभुभोजनाचा सराव रिकाम्या चॅपलमध्ये मोठ्याने करा. भाकर कुठे ठेवायची, पेला कोणत्या हाताने उचलायचा, कापड कधी काढायचं. हात घुटमळले की लोकांचं लक्ष हातांवर जातं. उरलेल्या भाकरीचं आणि रसाचं काय करायचं, ते आदराने कसं संपवायचं, हेही आधी विचारून ठेवा. कॅथलिक सेमिनरीत हा सराव अधिकच काटेकोर असतो. तिथे रोज मिस्सा (कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना) आणि ठरल्या वेळांच्या स्तोत्रप्रार्थना होतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला वाट मोकळी करून दिली, त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये चाले.

माणसांजवळ बसायला शिकणं

आठवड्याच्या शेवटी सेमिनरी तुम्हाला मंडळीत, वस्तीत, रुग्णालयात पाठवते. परत आल्यावर काही ठिकाणी व्हर्बेटिम लिहून घेतात, म्हणजे झालेलं संभाषण आठवून शब्द न् शब्द कागदावर उतरवायचं. एका वर्गमित्राच्या कागदावर असं होतं:

आजोबा: घरी कधी सोडतील कुणास ठाऊक.
मी: देवावर भरवसा ठेवा, सगळं ठीक होईल.
आजोबा: हो.
मी: प्रार्थना करू का?

आमच्या सरांनी त्या "हो"खाली पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाले, संभाषण इथे संपलं. आजोबा घरी म्हणाले होते. घरी कोण आहे, कोण वाट पाहतंय, की कुणीच नाही, हे विचारायचं राहिलं. प्रार्थना त्यानंतर करायची होती. मी आजही वॉर्डात शिरताना ती रेघ आठवते.

अंत्यविधीचं शिक्षण पुस्तकात कमी आणि दफनभूमीत जास्त होतं. मृताचं नाव चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून पुस्तकात ठेवा, कारण ऐन वेळी नाव चुकलं तर घरचे ते जन्मभर विसरत नाहीत. घरात त्यांना काय म्हणत, काका, अण्णा, बाई, तेही विचारा. पावसाळ्यात पुस्तकाला प्लास्टिकचं वेष्टण घाला. आणि तेविसावं स्तोत्र वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या: पहिल्या तीन ओव्यांत देव "तो" आहे. मृत्युच्छायेची दरी आली की कवी एकदम "तू" म्हणतो. तिथे आवाज खाली आणा आणि थांबा.

कायद्याचंही थोडं शिकावं लागतं. लग्नं १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने लागतात, रजिस्टर नीट ठेवणं हे पाळकाचं काम आहे. मध्य प्रदेशात २०२१ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यानुसार धर्मांतराची सूचना साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते, धर्म स्वीकारणाऱ्यानेही आणि विधी करणाऱ्यानेही. तेव्हा कुणी प्रौढ व्यक्ती बाप्तिस्मा मागत आली तर आधी आपल्या वरिष्ठांशी बोला, उत्साहात पुढे जाऊ नका.

आतलं काम

दुसऱ्या वर्षात बहुतेकांना कोरडेपणा येतो. बायबल परीक्षेचं पुस्तक होऊन बसतं. अध्याय कुणी लिहिला, केव्हा लिहिला, किती स्रोत, हे शिकताना लहानपणचा विश्वास डळमळतो. घाबरू नका आणि लपवू नका. सेमिनरीत आध्यात्मिक मार्गदर्शक असतात, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा तरी जा आणि खरं बोला. जेझुइट परंपरेतली एक सवय सगळ्यांनी उचलण्याजोगी आहे. रात्री झोपण्याआधी दिवसाची उजळणी करायची: कुठे आभार मानावेत, कुठे चुकलो, उद्या काय मागायचं. दहा मिनिटं पुरतात. अभ्यासासाठी वाचायचं बायबल आणि प्रार्थनेसाठी वाचायचं बायबल वेगळं ठेवा, निदान प्रत वेगळी ठेवा. प्रार्थनेच्या प्रतीत एकही टीप लिहू नका.

मेसमध्ये भांडणं होतात, खोलीतला सोबती घोरतो, भात रोज तोच असतो. घडण तिथेच होते. जो चार जणांबरोबर एका नळावर शांतपणे पाणी भरू शकत नाही, त्याला मंडळीची कमिटी सांभाळणं जड जातं. आठवड्यात एक दिवस विश्रांतीचा ठेवा आणि त्या दिवशी घरी फोन करा. आईशी मराठीत बोला.

परत आल्यावर

पदवी मिळाली की लगेच दीक्षा मिळत नाही. काही काळ एखाद्या पाळकाच्या हाताखाली, मग डीकन म्हणजे दीक्षेची पहिली पायरी, मग प्रेस्बिटर म्हणजे पूर्ण पाळक. पहिली नेमणूक बहुधा शहरात नसते. आपल्या धर्मप्रांतात आलीराजपूर, जोबट, आमखुट अशी जुनी मिशनची गावं आहेत, जिथे मंडळी भिलांची आहे. लोक उपासनेत हिंदी गातात, पण चुलीपाशी, शेतात आणि दुखण्यात भिली बोलतात.

तिथे गेल्यावर पहिले सहा महिने उपदेश छोटे ठेवा आणि ऐकणं मोठं. संध्याकाळी मुलांना जवळ बसवा, ती न लाजता शिकवतात. आई, बाप, पाणी, ताप, भूक, भीती, घर यांना काय म्हणतात ते विचारा, मग प्रभूच्या प्रार्थनेचा एकेक शब्द. आणि वहीचा तो तिसरा रकाना भरायला घ्या.